अर्धी मात्रा आधी

'मुख्य व्हायोलिन दर वेळी अर्धी मात्रा आधी घुसतं. एकदा झालं तर अपघात म्हणू, नऊ वेळा झालं तर खोड म्हणावी लागेल. कुणीतरी वादकाला आधी मोजायला शिकवायला हवं होतं.'

ही तीन वाक्यं माझी. शुक्रवारच्या पुरवणीत, चौथ्या पानावर, संपादकांनी ती मजकुरातून उचलून ठळक अक्षरांत चौकटीत टाकली, कारण त्यांना ती फार आवडली. मलाही आवडली होती. लिहून झाल्यावर मी ती स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवली आणि हसले. आज ती परत घेता आली असती, तर बावीस वर्षांत लिहिलेलं बाकी सगळं मी त्यांच्या बदल्यात देऊन टाकलं असतं. पण छापलेलं परत घेता येत नाही, आणि ती वाक्यं ज्यांच्या जिव्हारी लागली ते माझे वडील आहेत.

नाना आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. त्याआधी चार वर्षं ते स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे, सिनेमाच्या गाण्यांमागे, आणि तेही पहिल्या खुर्चीवर बसून. मग एका गाण्यात त्यांच्या हातून काहीतरी चुकलं आणि त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. आमच्या घरात याला 'ते प्रकरण' म्हणत. विषय निघाला की आईला एकदम कामं आठवायची. कुठलं गाणं, काय चुकलं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की व्हायोलिन कपाटाच्या वर आहे आणि ते खाली काढायचं नाही.

व्हायोलिन खाली आलं नाही, पण मोजणं मात्र मला नानांनीच शिकवलं. जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीनं ठोके देत. रेडिओवर काहीही लागलं की मी मात्रा मोजायच्या, आणि चुकले की ते म्हणायचे, "आधी मोजायला शीक, मग आवडलं का ते सांग." आठव्या वर्षी मी बोलणाऱ्या माणसांच्याही मात्रा मोजत असे. शाळेतल्या बाई काय शिकवतात ते डोक्यात शिरायचं नाही, पण त्या कुठे अडखळतात ते बरोबर कळायचं. पुढे याच गुणावर मला वर्तमानपत्रात संगीत-परीक्षणाची नोकरी मिळाली आणि ऑफिसात 'कात्री' हे नाव पडलं. ते नाव मी मिरवत आले आहे, खोटं कशाला बोलू.

आता ती तीन वाक्यं ज्यावर लिहिली त्या अल्बमबद्दल सांगते. सिनेमा नवा, पण गोष्ट जुन्या काळातली, गाणारी बाई आणि तिच्या साथीदारांची. त्यामुळे अल्बमही मिसळीचा होता. एका तरुण संगीतकारानं नव्यानं केलेलं वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत, त्याचे दहा तुकडे, आणि त्यांच्या अधूनमधून पेरलेली त्या काळची सहा गाणी, जशी होती तशी, खरखरीसकट.

असे अल्बम आले की माझी एक रीत ठरलेली आहे. नवे तुकडे तीनदा ऐकायचे. पहिल्यांदा नुसते, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, तिसऱ्यांदा राग काढायला. जुनी गाणी मात्र एक कडवं ऐकायची आणि पुढे जायचं. माझ्या पहिल्या संपादकांनी मला सांगून ठेवलं होतं, "जुन्या गाण्यांचं परीक्षण करायचं नसतं, त्यांची नुसती हजेरी घ्यायची." मी त्यांची ही गोष्ट इतकी मनावर घेतली की बावीस वर्षांत एकही जुनं गाणं कामासाठी म्हणून शेवटपर्यंत ऐकलं नाही. आणि सिनेमा तर मी बघतच नाही. संगीत पडद्याशिवाय उभं राहतं का, हे तपासायचं असतं, असं मी नव्या मुलांना शिकवते. शिकवायचे.

बुधवारी दुपारी मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. हेडफोनची एक गादी फाटलेली, तिला चिकटपट्टी लावलेली, कागदावर 'व्हायोलिन – ½ आधी' असं नऊ वेळा लिहिलेलं. तेवढ्यात नानांचा फोन आला. नाना स्वतःहून फोन करत नाहीत. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते समोरच्यालाच बहिरा समजून बोलतात.

"त्या सिनेमाच्या संगीतावर तूच लिहिणार आहेस ना?"

"हो नाना. उद्या द्यायचंय."

"सगळं ऐकलंस?"

"ऐकलं की."

"चौथं गाणं? पूर्ण?"

"पूर्ण ऐकलं."

"दुसऱ्या कडव्याच्या पुढेसुद्धा?"

"नाना, मला माझं काम येतं हो."

"येतं म्हणून तर विचारतोय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बरं. जसं वाटेल तसं लिही. कुणाची भीड ठेवू नकोस."

मी खोटं बोलले होते. एका मिनिटात खरं करता आलं असतं, गाणं तिथेच समोर होतं, नुसतं बोट लावायचं होतं. पण मला वाक्य सुचत होतं. वाक्य सुचत असलं की माझा अगदी ताबा सुटतो, आणि म्हाताऱ्या माणसाला जुनं गाणं आवडलं असेल, यात ऐकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. मी हेडफोन पुन्हा चढवले आणि चौकटीतली ती तीन वाक्यं लिहून टाकली.

जुन्या गाण्यांबद्दल मी एक ओळ लिहिली. 'जुनी गाणी अर्थातच गोड आहेत, पण नव्या संगीताशी त्यांचा काडीचा संबंध लागत नाही.'

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. नाना दादा-वहिनीकडे राहतात. वहिनीला नानांच्या तक्रारी मला रंगवून सांगायला आवडतं, आणि मलाही त्या ऐकायला आवडतात.

"वन्सं, काय लिहिलंत हो काल?"

"का? नाना काही म्हणाले?"

"काही म्हणाले असते तर फोन कशाला केला असता? काल सकाळपासून मौनव्रत आहे. पेपर वाचला, भिंग घेऊन दोनदा वाचला, कापून ठेवला आणि चिकटवला नाही. तुमचं काही छापून आलं की गोंदाची बाटली दहाच्या आत टेबलावर असते. काल बाहेरच आली नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठणठणीत आहे. चहा कसा झालाय विचारलं तर नुसती मान हलवतात. आणि हे आजचं नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांना त्या सिनेमाला नेलं, दुपारच्या खेळाला. संपला, शेवटची नावं वर गेली, दिवे लागले, झाडूवाला रांगेशी येऊन उभा राहिला तरी हे खुर्चीतच. मी म्हटलं, नाना, दुसऱ्या खेळाचं तिकीट नाही काढलंय आपण."

मी हसले. वहिनीही हसली. इतकं सगळं समोर मांडून ठेवलेलं असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पाडला त्या संगीतकारानं, सोमवारी. अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. आवाज अगदी लहान मुलासारखा, आणि वर सभ्य. शिव्या देणाऱ्यांना कसं हाताळायचं हे मला ठाऊक आहे, सभ्य माणसांपुढे माझी पंचाईत होते.

"मॅडम, भांडायला फोन केला नाहीये. एकच विचारायचं होतं. चौथं गाणं तुम्ही पूर्ण ऐकलंत का?"

"हो," मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

"मग दुसऱ्या कडव्यानंतर काय होतं?"

मी घाईनं गाण्यांची यादी उघडली. मला लाज वाटू नये अशा बेतानं तो स्वतःच बोलू लागला. ते गाणं त्यानं शाळेत असताना पहिल्यांदा ऐकलं होतं. दुसऱ्या कडव्यानंतर त्यात व्हायोलिनचा एक छोटा तुकडा आहे. गाणाऱ्या बाईचा शेवटचा शब्द संपायच्या आत तो वादक येतो, अर्धी मात्रा आधी. जणू तिचं गाणं संपेपर्यंत त्याला धीर धरवत नाही. "अख्खं पार्श्वसंगीत मी त्या अर्ध्या मात्रेवर बांधलंय, मॅडम. सिनेमातली गोष्टही तशाच एका वादकाची आहे. माझ्याकडे चाळीस वादक होते, सगळे मोजून वाजवणारे. एकानं लवकर यायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं, हे शिकायला त्यांना अकरा दिवस लागले. जुन्या तबकडीवर वादकाचं नाव नाही, नुसतं 'आणि वाद्यवृंद' असं लिहिलंय. मी खूप शोधलं. तुम्ही एवढी वर्षं या क्षेत्रात आहात, तुम्हाला कदाचित माहीत असेल म्हणून..."

नंतर फोन करते, असं सांगून मी फोन ठेवला. हेडफोन लावले. चौथं गाणं सुरू केलं आणि पहिलं कडवं, जे मी ऐकलेलं होतं, तेही आता पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती बाई शेवटचा शब्द लांबवते. तो तिच्या तोंडात असतानाच व्हायोलिन आलं. माझ्या हातात सवयीनं पेन्सिल होती. अर्धी मात्रा, हे मोजावं लागलंच नाही.

नाना मला आठवावे लागले नाहीत. ते तिथेच होते. 'चौथं गाणं? पूर्ण?' हा त्यांचा फोन, सिनेमागृहातली ती खुर्ची, न उघडलेली गोंदाची बाटली आणि आमच्या घरातलं ते प्रकरण, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी पर्स उचलली आणि संपादकांना काही न सांगता निघाले.

दार वहिनीनं उघडलं. "या, गुन्हेगार," ती म्हणाली, पण माझा चेहरा बघून तिनं पुढचं गिळलं आणि चहा टाकायला आत गेली.

नाना त्यांच्या खोलीत टेबलाशी बसले होते. टेबलावर माझ्या लेखांच्या फायली, तपकिरी पुठ्ठ्याच्या, पाठीवर वर्ष घातलेल्या. भिंग होतं. भिंगाखाली शुक्रवारचं कात्रण, कडा पट्टी लावून कापलेल्या. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला पलंगावर बसले.

"नाना, गाणं ऐकलं. पूर्ण."

"कधी?"

"आज."

"आज होय," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही सांगायला हवं होतं मला. एका शब्दानं तरी."

"सांगितलं असतं तर तू मुलगी म्हणून ऐकलं असतंस." त्यांनी भिंग उचलून बाजूला ठेवलं. "सोळावा टेक होता. त्या वेळी सगळं एका दमात व्हायचं, एकाचं चुकलं की सगळ्यांचं पहिल्यापासून. पंधरा टेकमध्ये मी एकदाही चुकलो नाही. पण त्या टेकला तिचा आवाज असा काही लागला की काय सांगू. मी मोजत नव्हतो. ऐकत होतो. हात कधी उठला, कळलंच नाही."

"मग?"

"मग काय. तसं गाणं तिच्याकडून पुन्हा होणार नाही, हे सगळ्यांना कळलं, म्हणून तोच टेक ठेवला. आणि वाद्यवृंदाच्या मुख्यांनी मला उभं करून सांगितलं, आधी मोजायला शिका, मग या." त्यांनी कात्रणावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "शब्दसुद्धा हेच."

ते शब्द मला कुठून मिळाले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जेवणाच्या टेबलावरून. नानांना लागलेला तो घाव त्यांनी मला धडा म्हणून दिला होता आणि मी तो चौकटीत घालून त्यांना परत केला होता.

"मी मोजलं हो नुसतं, नाना. ऐकलं नाही."

"मोजलंस बरोबर. अर्धीच आहे. पाव नाही, पाऊण नाही." ते किंचित हसले. शिकवणाऱ्याला आपल्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर बरं वाटतं, तसे. मला ते हसू बघवेना.

"अठ्ठावन्न वर्षं मला एकच ठरवता आलेलं नाही," ते म्हणाले. "ती चूक होती की नाही. कधी वाटतं, तेवढंच एक मी आयुष्यात बरोबर वाजवलं. कधी वाटतं, ही आपली मनाची समजूत. विचारायचं कुणाला? तुझ्या आईला गाण्यातलं कळत नव्हतं आणि तिला माझी दया यायची. म्हटलं, जिला यातलं काही माहीत नाही आणि जिचा कान मी स्वतः तयार केलाय, तिला विचारावं. आयती संधी आली होती."

"मी पुन्हा लिहिते. पुढच्या शुक्रवारी. चुकलं म्हणून लिहिते, तुमच्या नावासकट. मी सांगितलं तर छापतील ते."

"नको."

"पण का?"

"आता तुला माहीत झालं. आता तू जे लिहिशील ते माझ्यासाठी लिहिशील." हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही, एखाद्याला वेळापत्रक समजावून सांगावं तसं सांगितलं. "माहीत नसताना तुला जे वाटलं ते एकदाच वाटणार होतं. ते वाटलं, छापून आलं. संपलं."

"तेव्हा मी ऐकलंच नव्हतं, नाना. वाटलं कुठलं?"

"नऊ वेळा ऐकलंस की. त्या मुलानं तेच वाजवलंय."

खरंच नऊ वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी त्यावर खूण करून पुढे गेले होते. मी त्या संगीतकाराबद्दल सांगितलं. त्याचे चाळीस वादक, ते अकरा दिवस, तो नाव शोधत फिरतोय ते. नानांचे डोळे भरून आले, त्यांनी ते लपवले नाहीत.

"सांग त्याला माझं नाव. भेटायचं असेल तर घेऊन ये," ते म्हणाले. "पोरगा गुणी आहे. पण त्याचं त्या गाण्यावर लहानपणापासून प्रेम आहे. प्रेम असलेल्या माणसाचं मत धरायचं नसतं, हे तूच लिहिलंयस कुठेतरी." त्यांनी बोटानं फायली दाखवल्या. "तीन नंबरच्या फायलीत आहे."

वहिनी चहा ठेवून गेली. नानांनी खणातून गोंदाची बाटली काढली आणि या वर्षाची फाईल उघडली.

"हे चिकटवायचं राहून गेलंय. तो कोपरा धर जरा, वाकडं जातं."

"राहू द्या ना ते, नाना."

"तुझं आहे. राहून कसं चालेल?"

मी कोपरा धरला. त्यांनी ब्रशनं कडेकडेनं गोंद लावला, कात्रण सरळ बसवलं आणि तळहातानं दाबलं, चौकटीवर जरा जास्त वेळ. मग खाली तारीख घातली. त्यांचं अक्षर अजून कारकुनाचं आहे, सुबक, एकही रेघ हललेली नाही.

फाईल मिटल्यावर ते म्हणाले, "आहे का ते तुझ्याकडे, फोनवर? लाव. एकदा बसून ऐकू."

मी फोन त्यांच्या चांगल्या कानाशी धरला. आमची डोकी जवळजवळ टेकली होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बाईनं शेवटचा शब्द लांबवला आणि सव्वीस वर्षांचे नाना आले, धीर न धरवून, तिचा शब्द संपायच्या आत. इतकं सुंदर वाजवलेलं मी बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. हे मी कुठल्याही कागदावर सही करून लिहून द्यायला तयार होते, आणि त्या कागदाची आता नानांच्या लेखी काही किंमत उरली नव्हती.

गाणं संपलं. नानांनी फोन हळूच बाजूला सारला.

"खरं सांग. कसं वाटतं?"

"चूक नाहीये ती, नाना," मी म्हणाले. "तीच सगळ्यात बरोबर जागा आहे. अख्ख्या गाण्यात."

नानांनी माझ्याकडे मायेनं बघितलं आणि मान डोलावली. लहानपणी मी चित्र काढून त्यांच्यापुढे धरायचे, तेव्हा ते अशीच डोलवायचे.